भिजलेल्या फोनचा पहिला तास

पावसाळा लागला की मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत एक संवाद रोज ऐकू येतो. दुकान पुण्याच्या तापकीर गल्लीतले असो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचे, शब्द जवळपास तेच. गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवते आणि सांगते, ‘‘दादा, थोडासाच भिजला होता हो. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, मग चालू पण झाला. काल रात्रीपासून एकदम बंद.’’ कारागीर फोन उघडतो, भिंगाखाली धरतो. मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात हिरवट-पांढरी पूड धरलेली असते. ‘‘भिजला त्याच दिवशी आणायचा ना,’’ तो म्हणतो. गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘पण अजून वॉरंटीत आहे ना?’’ त्यावर कारागीर नुसता हसतो.

एवढ्याशा प्रसंगात गिऱ्हाइकाने दोन गोष्टी गमावलेल्या असतात. एक म्हणजे यंत्र वाचवण्याची संधी आणि दुसरी, कंपनीकडे दाद मागताना लागणारा पुरावा. दोन्हींचा निकाल पुष्कळदा पहिल्या तासाभरातच लागून जातो. त्यातून अडचण अशी की, यंत्र वाचवायचे तर ते लवकर उघडून साफ करावे लागते आणि वॉरंटी वाचवायची तर ते बाहेर उघडू द्यायचे नसते. अशा वेळी काय करायचे हे घाईगडबडीत सुचत नाही. म्हणून भिजलेल्या यंत्राच्या पोटात काय घडते आणि वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलेले असते, हे दोन्ही आधीच माहीत असलेले बरे.

पाण्यापेक्षा वीज घातक

शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. कारखान्यात तयार होणारे कित्येक सर्किट बोर्ड सोल्डरिंगनंतर क्षार काढून टाकलेल्या पाण्याने चक्क धुतले जातात आणि वाळवून पुढे पाठवले जातात. त्यांना काहीही होत नाही, कारण त्या वेळी त्यांत वीज नसते आणि धुणाऱ्या पाण्यात क्षार नसतात.

आपल्या हातून फोन पडतो तो मात्र नळाच्या पाण्यात, डबक्यात, चहाच्या कपात किंवा समुद्रात. या प्रत्येक द्रवात क्षार विरघळलेले असतात आणि क्षारांमुळे पाणी विजेचे वाहक बनते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नळाच्या पाण्यापेक्षा त्यातून वीज ढोबळमानाने शंभरपट सहज वाहते. गणपतीपुळ्याच्या किंवा कलंगुटच्या लाटेत बुडालेला फोन बादलीत पडलेल्या फोनपेक्षा लवकर दगावतो तो यामुळेच.

पुढची क्रिया शाळेतल्या विद्युत अपघटनाच्या प्रयोगासारखीच असते. पाण्याचे अपघटन सुरू व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपासचा दाब पुरतो. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी सुमारे चार व्होल्ट देते. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांमध्ये आणि सोल्डरच्या ठिपक्यांमध्ये मिलिमीटरच्या काही अंशाइतकेच अंतर असते. त्यामध्ये खारे पाणी शिरले की धन बाजूचा धातू विरघळू लागतो, त्याचे आयन ऋण बाजूकडे सरकतात आणि तिथे पुन्हा धातू होऊन साचतात. भिंगाखाली पाहिले तर नेच्याच्या पानासारखी नाजूक नक्षी वाढताना दिसते. ही नक्षी समोरच्या टोकाला टेकली की शॉर्ट सर्किट होते. दुसरीकडे, विरघळलेल्या बाजूची रेघ झिजून तुटते. हिरवट पूड दिसते ती तांब्याच्या क्षारांची.

फोन बंद केला म्हणजे सगळे थांबले, असेही नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच. बंद फोनमधले घड्याळ चालू राहते आणि बटण दाबताच फोन जागा होतो तो तिच्याच जोरावर. म्हणून बॅटरी वेगळी करणे हा खरा पहिला उपचार. जुन्या फोनचे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी हातात घेता येई. आता ती आत चिकटवलेली असते, त्यामुळे हे काम कारागिरावर येते आणि वेळेचे महत्त्व आणखी वाढते.

पहिल्या दहा मिनिटांत

भिजलेला फोन हातात आल्यावर चालतो का, हे बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नुकसान मुख्यतः तिथे होते. फोन चालू असेल तर लगेच बंद करावा. आधीच बंद पडला असेल तर बटण दाबून पाहू नये. चार्जर तर अजिबात लावू नये. चार्जिंगच्या खाचेत पाणी असताना वायर जोडली तर तिथल्या बारीक पिना काही वेळातच गंजू लागतात. अलीकडचे बरेच फोन खाचेत ओल असल्याची सूचना पडद्यावर देतात. ती आली तर ऐकावी.

कव्हर, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढावे. बाहेरचे पाणी सुती कपड्याने टिपून घ्यावे. फोन जोरजोरात झटकू नये, कारण त्याने खाचेजवळचे पाणी आणखी आत जाते. खाच खाली करून तळहातावर हलकेच आपटावे म्हणजे पाणी बाहेर येईल. मग हवा खेळती असेल अशा जागी, पंख्यासमोर ठेवावे. केस वाळवायचा ड्रायर, इस्त्री, गॅसची शेगडी, कडक ऊन यांपासून तो दूर ठेवावा. उष्णतेने आतला गोंद सुटतो, पडद्याचे थर बिघडतात आणि लिथियमची बॅटरी तापणे तर धोक्याचेच.

लॅपटॉपवर चहा सांडला तर आधी चार्जर भिंतीच्या बटणापासून बंद करून काढावा. मग पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करावा. काम सेव्ह करत बसू नये. नंतर तो उघडाच ठेवून तंबूसारखा उलटा करावा, म्हणजे कीबोर्डमधला द्रव मदरबोर्डकडे न उतरता बाहेर येईल. चहाचा त्रास पाण्यापेक्षा जास्त. पाणी उडून जाते, पण साखर आणि दूध आत चिकटून राहतात, ओल धरून ठेवतात आणि आठवडाभराने कळा बसवतात.

तांदळाच्या डब्याचे काय?

फोन तांदळात ठेवायचा उपाय जगभर पसरला आहे. त्यामागचा तर्क वरवर पटणारा आहे, कारण तांदूळ ओल शोषतो. पण घरातल्या साठवलेल्या तांदळात मुळातच १२ ते १४ टक्के ओलावा असतो. जुलैमधल्या कोकणात किंवा मुंबईत, जिथे हवाच ओलसर असते, तिथे डब्यातला तांदूळ आणखी फारसे काही ओढून घेऊ शकत नाही. फोनच्या पोटात, चिपच्या खाली अडकलेल्या थेंबापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही तो नाहीच. उलट तांदळाची भुकटी आणि कणी खाचेत जाते. अॅपल कंपनीने २०२४च्या सुरुवातीला आपल्या अधिकृत सूचनांत फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, असे स्पष्टच लिहिले.

मग काही जणांचा फोन तांदळाने ‘बरा’ होतो तो कसा? त्या दोन दिवसांत फोन बंद असतो आणि चार्जिंगला लावलेला नसतो. फायदा झालाच तर तो या विश्रांतीचा. सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा ओल नक्कीच जास्त शोषतात. पण त्यांनाही एक मोठी मर्यादा आहे. पाणी उडून गेले तरी त्यातले क्षार, चिखल, साखर बोर्डावरच राहतात. पुढे हवेतली ओल त्या क्षारांत मुरते आणि गंज पुन्हा चालू होतो. दोन दिवस चाललेला फोन दोन आठवड्यांनी अचानक का बंद पडतो, याचे कोडे इथे सुटते. फोन वाळणे ही अर्धीच दुरुस्ती असते. तो आतून स्वच्छ होणे ही उरलेली अर्धी.

दुकानात काय करतात?

चांगला कारागीर आधी फोन उघडून बॅटरीचा कनेक्टर काढतो. मग बोर्ड बाहेर काढून त्यावरची पत्र्याची झाकणे उचलतो. पाणी लपून बसते ते याच झाकणांखाली. यानंतरची पायरी पाहून गिऱ्हाईक दचकते, कारण भिजून आलेला बोर्ड पुन्हा धुतला जातो. फोन समुद्रात किंवा चिखलात पडलेला असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरने क्षार धुतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानांतल्या भाषेत ‘आयपीए’, आणि मऊ ब्रश वापरून गंज उतरवतात. हे अल्कोहोल पाण्यात सहज मिसळते, त्याला सोबत घेऊन बाहेर पडते आणि मागे काहीही न ठेवता उडून जाते. मोठ्या दुकानांत अल्ट्रासॉनिक क्लीनर असतो. त्यातल्या ध्वनिलहरींमुळे द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि चिपच्या खालची घाणही सुटते. त्यानंतर बोर्ड वाळवून, मल्टिमीटरने शॉर्ट कुठे आहे हे तपासून मगच बॅटरी जोडली जाते.

हे घरी करून पाहण्यासारखे काम नाही. आयपीए पेट घेते. घरातले सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही, कारण त्यात पाणी, ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्ये असतात. बॅटरी काढताना स्क्रूड्रायव्हर तिच्यात घुसला तर ती जागच्या जागी पेटू शकते. फोन देताना मात्र दोन गोष्टी दुकानात जरूर विचाराव्यात. बोर्ड बाहेर काढून धुणार का, की नुसता ब्लोअर मारणार? आणि फोनमधले फोटो, नंबर महत्त्वाचे असतील तर आधी डेटा काढून देता येईल का? पाण्यातून वाचलेला फोन पुढे किती टिकेल याची खात्री कोणताच कारागीर देत नाही. त्यामुळे तो चालू झाल्यावर पहिले काम बॅकअप घेण्याचे.

पुराचे पाणी वेगळे

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी भिजतो तो एखादा फोन नसतो. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, दुकानातला काटा, सगळेच पाण्यात जाते. इथे यंत्राआधी माणसाचा विचार करावा लागतो.

कोरड्या त्वचेचा विजेला होणारा रोध हजारो ओहममध्ये असतो. अंग भिजले की तो हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा. म्हणजे ओल्या अंगाने वीज असलेल्या भागाला हात लागला तर शरीरातून दोनशे मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो. दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही आणि पन्नास ते शंभर मिलिअँपिअरला हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून पाणी उंबऱ्याशी आले की मेन स्विच कोरड्या जागेवरून, कोरड्या हातानेच बंद करावा. मीटरपर्यंत पोहोचायला पाण्यातून जावे लागत असेल तर तिकडे जाऊ नये. १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. पूर ओसरल्यावर वायरमनकडून तपासणी झाल्याशिवाय मेन चालू करू नये. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून परत वापरू नयेत, ते बदलावेतच. जीव वाचवणारी ही उपकरणे आतून अडकली असली तर ऐन वेळी पडत नाहीत. मायक्रोवेव्ह तर घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब शिल्लक असू शकतो.

बॅटऱ्यांचेही तसेच. पुरात गेलेली पॉवर बँक, लॅपटॉप किंवा ई-स्कूटर वरून कोरडी दिसली तरी तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. बॅटरी फुगली, गरम लागली किंवा तिला गोडसर, रसायनासारखा वास येऊ लागला तर ती घराबाहेर, जळण्यासारखे काही जवळ नसेल अशा जागी ठेवावी. बॅटरी पेटली तर तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. विझवायला वाकून जवळ जाण्यापेक्षा बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा.

आणखी एक गोष्ट हटकून विसरली जाते. पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यातूनच येतात आणि हातापायावरच्या लहानशा जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात शिरतात. २००५च्या पुरानंतर मुंबईने या आजाराची साथ पाहिली आहे. त्या पाण्यातून काढलेला फोन तसाच कानाला लावणे किंवा मुलाच्या हातात देणे योग्य नाही. हातमोजे घालून तो पुसावा, नंतर हात साबणाने धुवावेत. पाण्यातून चालल्यानंतरच्या दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना पुराच्या पाण्याचा संबंध आठवणीने सांगावा.

श्रवणयंत्र आणि ग्लुकोमीटर

घरातल्या ज्येष्ठांची श्रवणयंत्रे पावसात आणि अंघोळीच्या वेळी हमखास भिजतात. त्यांची किंमत कित्येकदा फोनपेक्षा जास्त असते. बॅटरीचे दार उघडून बटणासारखा सेल लगेच काढावा आणि तो टाकून द्यावा. झिंक-एअर प्रकारचा हा सेल बारीक छिद्रांतून हवा घेऊन चालतो, त्यामुळे भिजल्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. यंत्र मऊ कपड्याने पुसून, दार उघडे ठेवून, सिलिका जेल असलेल्या झाकणबंद डबीत रात्रभर ठेवावे. श्रवणयंत्रांच्या दुकानात अशा डब्या मिळतात. पावसाळ्यात रोज रात्री यंत्र तिच्यात ठेवायची सवय लावली तर घामाने आणि दमटपणाने होणारे नुकसानही टळते.

ग्लुकोमीटर किंवा रक्तदाब मोजण्याचे यंत्र भिजले तर धोका वेगळा असतो. ते बंद पडले तर निदान कळते. चालू राहून चुकीचा आकडा दाखवू लागले तर त्यावरून इन्सुलिनची मात्रा चुकू शकते. अशा यंत्राचे आकडे कंट्रोल सोल्यूशनने किंवा प्रयोगशाळेतल्या चाचणीशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. स्ट्रिपच्या बाटलीत पाणी गेले असेल तर सगळ्या स्ट्रिप फेकून द्याव्यात. त्या वाळवून वापरता येत नाहीत.

‘आयपी ६८’ म्हणजे काय आणि काय नाही

नवा फोन घेताना ‘वॉटर रेझिस्टंट’ हा शब्द आणि ‘आयपी ६८’ हा शिक्का ठळकपणे दाखवला जातो. हे मोजमाप आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातले आहे. पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, ६ हा त्यातला सर्वोच्च. दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकणे. ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, जिची खोली आणि वेळ कंपनीने स्वतः सांगायची असते. ही परीक्षा नव्या कोऱ्या फोनवर, प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यात होते. समुद्र, जलतरण तलावातले क्लोरिन, साबणाचे पाणी, गरम पाण्याची वाफ यांचा तिच्याशी संबंध नाही. नळाच्या जोरदार धारेची परीक्षाही वेगळी असते. आयपी ६८ मिळालेला फोन त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेलाच असतो, असे नाही.

शिवाय पाणी अडवतात ते गोंदाचे आणि रबराचे पातळ थर. फोन दोन-तीनदा पडला, चौकट किंचित वाकली, वर्षे उलटली किंवा पडदा बदलताना फोन उघडला गेला की ते थर पूर्वीसारखे राहत नाहीत. पडदा बदलून घेतलेला फोन पाण्यात नेणे म्हणजे विषाची परीक्षा.

लाल ठिपका आणि वॉरंटी

आता वॉरंटीकडे. जवळपास सगळ्या कंपन्यांच्या वॉरंटीतून द्रवामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. ज्या फोनची जाहिरात पाण्याचे शिंतोडे उडवत केलेली असते, त्यांच्याही. वॉरंटी ही उत्पादनातल्या दोषाची हमी असते आणि पाण्यात पडणे हा अपघात मानला जातो, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. पाणी गेले होते का, हे ओळखण्यासाठी फोनमध्ये, कित्येकदा सिमकार्डच्या खाचेत, एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागले की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटरमधला माणूस बॅटरीच्या उजेडात आधी तोच बघतो.

हा ठिपका म्हणजे अंतिम पुरावा मात्र नव्हे. पाणी लागले होते, एवढेच तो सांगतो. बिघाड त्या पाण्यामुळेच झाला, हे तो सांगत नाही. अमेरिकेत सुरुवातीचे आयफोन आणि आयपॉड टच घेतलेल्या ग्राहकांनी, केवळ ठिपक्याच्या रंगावरून वॉरंटी नाकारल्याबद्दल, अॅपलविरुद्ध सामूहिक दावा केला होता. २०१३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ५ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये याच कंपनीला १ कोटी युरोचा दंड केला. जाहिरातीत पाण्यात टिकण्याचा दावा करायचा आणि वॉरंटीत द्रवाचे नुकसान वगळायचे, यातली विसंगती त्या निर्णयात होती. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये न्यायालयाने सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. काही गॅलक्सी फोन तलावात आणि समुद्रात वापरता येतील, असा समज जाहिरातींनी करून दिला होता आणि तसे वापरल्यास चार्जिंगची खाच गंजू शकत होती.

भारतातल्या ग्राहकाच्या हातात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यातली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या मोठी उपयोगाची आहे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचा दावा केला, त्यात वस्तू उणी पडली तर तोही दोष ठरतो. म्हणजे जाहिरातीतला पाण्याचा दावा आयोगापुढे मांडता येतो. दिशाभूल करणारी जाहिरात आणि एकतर्फी करार यांनाही कायद्यात जागा आहे. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथेही मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, असा हा क्रम. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो.

अर्थात, आयोग पुरावा बघतो. म्हणून फोन सर्व्हिस सेंटरला देण्याआधी ठिपक्याचा आणि फोनचा सर्व बाजूंनी फोटो काढावा. जॉब शीटवर सही करण्याआधी ती वाचावी. फोन पाण्यात गेलाच नसताना तिथे ‘लिक्विड डॅमेज’ लिहिले असेल तर आपले म्हणणे त्याच कागदावर लिहून मग सही करावी. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागावे, आतल्या गंजाचे फोटो मागावेत. बिल, जाहिरात, मेसेज जपून ठेवावेत. आणि फोन खरोखर पाण्यात पडला असेल तर ते लपवू नये. बोर्डावरचा गंज पहिल्या नजरेत ओळखू येतो आणि एकदा खोटे पकडले गेले की खऱ्या तक्रारीचेही वजन जाते.

मग उघडायचा की नाही?

बाहेरच्या दुकानात फोन उघडला की वॉरंटी संपली, असे सर्रास सांगितले जाते. भारतात या प्रश्नावर वाहनांच्या बाबतीत एक महत्त्वाचा आदेश झाला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड केला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, सदोष दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, अशी भूमिका आयोगाने घेतली. प्रकरण पुढे अपिलात गेले आणि तो आदेश मोबाइलला आपोआप लागू होत नाही. पण दुरुस्तीचा हक्क हा विषय त्यानंतर पुढे सरकला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची अवजारे यांच्या दुरुस्तीची माहिती त्यावर एकत्र दिली जाते.

आजच्या घडीला घरच्यांनी निर्णय घ्यायचा तो साध्या हिशेबाने. अपघाती नुकसानीची विमा योजना किंवा कंपनीचा विस्तारित प्लॅन घेतला असेल तर फोन बाहेर उघडू देऊ नये. बंद करून, पुसून, त्याच दिवशी कळवावे, कारण अशा योजनांत कळवण्याची मुदत असते. पुरात घरातले सामान गेले असेल तर गृहविम्याची पॉलिसी काढून बघावी. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर समाविष्ट आहे आणि घराबरोबर घरातल्या सामानालाही ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण आहे. सामान फेकण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढावेत आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात नोंद करून घ्यावी.

विमा नाही, फोन खरोखर पाण्यात पडला आहे आणि वॉरंटीत द्रवाचे नुकसान वगळलेले आहे, अशा वेळी मात्र वॉरंटीच्या आशेवर फोन चार दिवस कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. जी वॉरंटी या नुकसानीला लागूच नाही, तिच्यापायी बोर्ड गंजू देणे हा तोट्याचा व्यवहार. एक अपवाद म्हणजे वर्षाच्या आत असलेला महागडा फोन. तिथे आधी सर्व्हिस सेंटरमधून दुरुस्तीचा अंदाज घ्यावा आणि तो त्याच दिवशी मिळत नसेल तर पुढचे ठरवावे. बाहेर उघडल्यावर पुढे वेगळाच बिघाड निघाला तरी कंपनी हात वर करू शकते, हा धोका समजून घेऊन ही निवड करावी.

दुरुस्तीच्या काउंटरवर काही गिऱ्हाइके वेगळीही येतात. फोन बंद करून, सिमकार्ड खिशात ठेवून, भिजल्यापासून तासाभराच्या आत. ‘‘चालू करून नाही ना बघितला?’’ कारागीर विचारतो. ‘‘नाही.’’ ‘‘मग ठेवा इथे, संध्याकाळी या.’’ तो बोर्ड बाहेर काढतो, बॅटरी बाजूला ठेवतो आणि ब्रश हातात घेतो. तांब्याच्या रेघा अजून लख्ख असतात.